टेक्स्टाइल कोन: विषारी समुद्री गोगलगाय आणि तिचा शंख यांची नवख्यांसाठी ओळख

लक्षद्वीपला, अंदमानला किंवा मॉरिशसला जाऊन प्रवाळांच्या उथळ पाण्यात पहिल्यांदाच उतरणाऱ्या माणसांची एक सवय मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पाण्यात काही सुंदर दिसले की ते आधी उचलायचे आणि मग ते काय आहे हे कोणाला तरी विचारायचे. कोकणातल्या पुळणीवर कवड्या आणि तिसऱ्यांची टरफले वेचताना ही सवय सहसा अंगाशी येत नाही. प्रवाळांच्या समुद्रात मात्र हाताच्या तळव्यात नेमका मावणारा, जरीच्या कापडासारखी नक्षी असलेला एक शंख असा आहे की त्याच्या आत जिवंत प्राणी असला, तर तो उचलणे जिवावर बेतू शकते. हा प्राणी म्हणजे टेक्स्टाइल कोन. या लेखात तो कसा ओळखावा, कुठे भेटतो, भेटल्यावर काय करावे, दंश झाल्यास काय करावे आणि त्याचा शंख घ्यायचा असल्यास कसा घ्यावा व जपावा, हे क्रमाने सांगितले आहे. एक नियम मात्र सगळ्यांच्या आधी: शंखात प्राणी आहे की नाही, याची खात्री हाताने करायची नाही.

आधी नाव आणि कूळ

या गोगलगाईचे शास्त्रीय नाव कोनस टेक्स्टाइल. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली ते दिले. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ विणलेले कापड असा आहे आणि शंख एकदा पाहिला की नाव का दिले असेल ते वेगळे सांगावे लागत नाही. शंकूच्या आकारामुळे या कुळातल्या सगळ्याच गोगलगाईंना कोन म्हणतात, आणि मराठीत त्यांच्यासाठी सर्वत्र चालणारे नाव नसल्यामुळे मी येथे तोच शब्द वापरतो आहे. जगातल्या उष्ण समुद्रांत कोनच्या आठशेहून अधिक जाती आहेत. त्या सगळ्या विष वापरूनच शिकार करतात, परंतु सगळ्या सारख्या धोकादायक नाहीत. बहुसंख्य जाती समुद्री किडे खातात आणि त्यांचा दंश बहुधा गांधीलमाशीच्या दंशाइतकाच त्रास देतो. काही जाती दुसऱ्या गोगलगाई खातात आणि थोड्या जाती चक्क मासे मारतात. माणसाच्या मृत्यूच्या ज्या खात्रीच्या नोंदी आहेत, त्या मुख्यतः मासे खाणाऱ्या कोनस जिओग्राफस या जातीच्या नावावर आहेत. टेक्स्टाइल कोन दुसऱ्या गोगलगाई खातो, प्रसंगी आपल्याच कुळातल्या कोनलाही सोडत नाही, आणि माणसाला गंभीर इजा करू शकणाऱ्या मोजक्या जातींत त्याची गणना होते.

तांबड्या समुद्रापासून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट हवाई बेटांपर्यंत त्याचा वावर आहे. आपल्याकडे लक्षद्वीप, अंदमान-निकोबार आणि मन्नारचे आखात या प्रवाळांच्या भागांत तो आढळतो. महाराष्ट्राच्या खडकाळ किनाऱ्यावर कोन कुळातल्या काही लहान जाती मिळतात, तेव्हा ‘आपल्याकडे कोन नाहीतच’ असे समजून ओहोटीच्या डबक्यात मुलांना मोकळे सोडू नये. वर सांगितलेला नियम तेथेही लागू आहे.

पायरी पहिली: शंख ओळखायला शिकणे

पाण्यात उतरण्यापूर्वी ही ओळख घरी बसून, एखाद्या संग्रहालयात किंवा चांगल्या छायाचित्रांवरून करून घ्यावी. माझ्या टेबलावर एका जुन्या संग्रहातून आलेला टेक्स्टाइल कोन आहे, त्याचेच वर्णन करतो. लांबी साधारण नऊ सेंटिमीटर. पूर्ण वाढलेले शंख बहुधा नऊ-दहा सेंटिमीटरचे असतात आणि क्वचित पंधरापर्यंत जातात. एक टोक रुंद, त्यावर बुटका, टोकदार कळस. तेथून खाली अंग हळूहळू निमुळते होत जाते, मात्र मधे किंचित फुगीर राहते. एका बाजूला वरपासून खालपर्यंत लांबच लांब अरुंद फट आहे. हे शंखाचे तोंड, आणि ते आतून पांढरे आहे. मूळ रंग पिवळसर तपकिरी. त्यावर गडद तपकिरी, नागमोडी उभ्या रेघा, आणि सगळीकडे पांढऱ्या त्रिकोणांची दाटी. मोठ्या त्रिकोणाला लागून लहान, त्याला लागून आणखी लहान, जणू माशाच्या खवल्यांवर खवले चढले आहेत. बोटाने एकेका त्रिकोणाचा माग काढत गेलो तर प्रत्येकाचे शिखर कळसाच्या किंवा निमुळत्या टोकाच्या दिशेने नसून तोंडाच्या कडेच्या संदर्भात आडवे लागलेले दिसते. हे लक्षात आले की नक्षी कशी तयार होते, याचाही उलगडा होतो.

शंख तोंडाच्या कडेने वाढतो. तेथे प्राण्याच्या प्रावाराची, म्हणजे शंख तयार करणाऱ्या मऊ पडद्याची कड असते आणि तिच्यात रंग सोडणाऱ्या पेशींची एक ओळ असते. शेजारच्या पेशी रंग सोडत आहेत की थांबल्या आहेत, त्यावर प्रत्येक पेशीचे काम ठरते, आणि शंख वाढत जाईल तशी ही ओळ ओळीखाली छापली जाते. संगणकावर अगदी साधा नियम देऊन काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या ओळी काढत गेले तर जे त्रिकोण उमटतात, ते या शंखाशी इतके जुळतात की गणिताच्या लेखांत कोनस टेक्स्टाइलचे चित्र हमखास भेटते. मागावर एकेक धागा पडत कापड पुढे सरकते, तशीच ही रीत आहे.

जिवंत प्राण्याच्या शंखावर मात्र सालीसारखे एक पातळ आवरण असते, वर शेवाळ आणि वाळू चिकटलेली असते, त्यामुळे नक्षी मंद दिसते. दुकानातला चकचकीत शंख डोळ्यांपुढे ठेवून पाण्यात शोधू गेलात तर खराखुरा कोन नजरेतून सुटेल. म्हणून रंगापेक्षा आकारावर विश्वास ठेवावा: रुंद टोकाला कळस, खाली निमुळते अंग, आणि अंगाच्या जवळजवळ पूर्ण लांबीची अरुंद फट. कवडीची फट दातेरी असते आणि तिला बाहेरून कळस दिसत नाही, एवढा फरक लक्षात ठेवला तरी बराच गोंधळ टळतो.

पायरी दुसरी: तो कुठे आणि केव्हा असतो

टेक्स्टाइल कोन ओहोटीच्या रेषेपासून सुमारे पन्नास मीटर खोलीपर्यंत राहतो. दिवसा तो वाळूत पुरलेला किंवा दगडाखाली, मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांखाली दडलेला असतो आणि अंधार पडल्यावर शिकारीला निघतो. त्यामुळे दोन वेळा विशेष सावधगिरीच्या आहेत. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास मोठ्या ओहोटीला प्रवाळाचा उथळ भाग उघडा पडतो आणि माणसे त्यावरून चालत दगड उलथेपालथे करतात, ती एक. दुसरी म्हणजे रात्रीची पोहण्याची किंवा डुबकीची वेळ. दगड उलथायचाच असेल तर बोटे त्याच्या खाली न घालता आपल्यापासून दूरची कड काठीने उचलावी, आणि पाहून झाल्यावर तो पूर्वी होता तसाच पुन्हा ठेवावा. कोनची मादी अंड्यांच्या पिशव्या दगडाच्या खालच्या बाजूला चिकटवते. दगड उताणा राहिला तर त्या उन्हात आणि माशांच्या तोंडी जातात. ही गोष्ट फार कमी लोक पाळतात आणि मला तिचे मनापासून वाईट वाटते.

पायरी तिसरी: दंश कसा होतो ते समजून घेणे

ही पायरी वगळू नये, कारण पुढची सगळी खबरदारी तिच्यावरच उभी आहे. कोनला जबडा नसतो. त्याच्या शरीरात एका पिशवीत सुटे दात साठवलेले असतात. प्रत्येक दात म्हणजे कायटिनच्या, म्हणजे कीटकांच्या कवचात असते त्या कठीण द्रव्याच्या, पातळ पत्र्याची, कागदाची सुरळी करावी तशी गुंडाळलेली पोकळ नळी. पुढच्या टोकाला भाल्यासारखे काटे. शिकारीची वेळ आली की एक दात सोंडेच्या टोकाशी येतो, मागच्या स्नायूंच्या पिशवीच्या दाबाने लांब, वेटोळ्या नलिकेतले विष त्यातून जाते आणि दात भक्ष्यात घुसतो. एक दात एकदाच वापरला जातो, परंतु पिशवीत पुढचे तयार असतात, आणि टेक्स्टाइल कोन एकाच शिकारीवर लागोपाठ अनेक दात सोडतो.

शंखाच्या निमुळत्या टोकातून दोन अवयव बाहेर येताना दिसतात. एक श्वासाची नलिका, जिने तो पाण्यातला वास घेतो. टेक्स्टाइल कोनची ही नलिका टोकाला लालसर आणि त्यामागे काळ्या पट्ट्याची असते. दुसरी सोंड. ती बारीक, लवचीक आणि खूप ताणली जाणारी असते. ‘रुंद टोकाला धरले तर काही होत नाही’ असा सल्ला अनेक ठिकाणी ऐकायला मिळतो. तो चुकीचा आहे. सोंड मागे वळून शंखाच्या रुंद बाजूपर्यंत पोहोचू शकते, त्यामुळे जिवंत कोन धरण्यासाठी सुरक्षित अशी बाजूच नाही. साधे हातमोजे, कापडी पिशवी, पोहण्याच्या कपड्यांचा खिसा यांतूनही दात आरपार जाऊ शकतो. खिशात ठेवलेला शंख हा तर सर्वांत वाईट प्रकार, कारण तेथे तो अंगालगत बराच वेळ राहतो आणि आपले लक्ष दुसरीकडे असते.

१९३५ साली ऑस्ट्रेलियातल्या हेमन बेटावर सत्तावीस वर्षांच्या एका तरुणाने जिवंत कोनस जिओग्राफस तळहातावर घट्ट धरून त्याची वरची साल चाकूने खरवडायला घेतली आणि त्याच तळहाताला दंश झाला. वेदना झाली नाही. दहा मिनिटांत ओठ ताठरले, वीस मिनिटांत एकाच्या जागी दोन दिसू लागले, अर्ध्या तासात पाय लुळे पडले, तासाभरात शुद्ध गेली आणि पाच तासांच्या आत मृत्यू आला. या नोंदीतली वेदना न होण्याची बाब नवख्याने सर्वांत जास्त लक्षात ठेवावी. दुखले नाही म्हणून काही झाले नाही, असे मानण्यात जीव जाऊ शकतो.

विषात लहान लहान पेप्टाइडांचे, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांसारख्या द्रव्यांचे मिश्रण असते. एकेका जातीच्या विषात अशी शंभराहून अधिक द्रव्ये सापडतात आणि ती मज्जातंतू व स्नायू यांच्यातले निरोप अडवतात. याच गुणामुळे या विषातून औषधही निघाले. फिलिपिन्समध्ये जन्मलेले बाल्डोमेरो ऑलिव्हेरा आणि युटा विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी कोनस मॅगस या दुसऱ्या जातीच्या विषातले एक पेप्टाइड शोधले. त्यापासून झालेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामक औषधाला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. ते मणक्यातल्या द्रवात थेट सोडावे लागते आणि दुसऱ्या औषधांना न जुमानणाऱ्या वेदनांसाठीच दिले जाते.

पायरी चौथी: पाण्यात आणि किनाऱ्यावर असताना

बाहेर पडताना जाड तळव्याची पादत्राणे घालावीत. बरोबर दहा ते पंधरा सेंटिमीटर रुंदीचे लवचीक बँडेज निदान दोन गुंडाळ्या ठेवावे, आणि जवळचे रुग्णालय कुठे आहे, तेथे कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय आहे का, हे निवासाच्या ठिकाणी आधीच विचारून ठेवावे. लहान बेटांवर ही चौकशी औपचारिकता राहत नाही. तेथून मोठ्या रुग्णालयात पोहोचायला बोटीचे तास मोजावे लागतात.

शंकूच्या आकाराचा शंख दिसला की थांबावे आणि हातभर अंतरावरून पाहावे. वाळूत मागे उमटलेली ओळ, निमुळत्या टोकातून डोकावणारी नलिका, फटीतून दिसणारा मऊ पाय ही जिवंतपणाची चिन्हे. परंतु ही चिन्हे दिसली नाहीत म्हणून शंख रिकामा ठरत नाही. प्राणी आत खोलवर ओढला गेला की फट रिकामी वाटते. शंख उलटा करून आत डोकावणे, कानाशी लावणे, फटीत काडी घालून पाहणे यांतले काहीही करू नये. छायाचित्र घ्यावे आणि पुढे जावे. शंखात गोगलगाईच्या जागी संन्यासी खेकडा निघाला तरी तो शंख घर म्हणून वापरतो आहे, तेव्हा त्यालाही तेथेच राहू द्यावे.

मुलांच्या बाबतीत माझा अनुभव असा की ‘हात लावू नका’ एवढे सांगून भागत नाही. पाठ फिरताच हात जातो. त्याऐवजी त्यांना काम द्यावे: शंख दिसला की जागेवरून हाक मारायची, आणि तो कोणत्या दिशेने चालला आहे ते सर्वांना दाखवायचे. मुले हे फार निष्ठेने करतात.

पायरी पाचवी: दंश झालाच तर

लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. सुरुवातीला दंशाच्या जागी टोचल्यासारखे, जळजळ, बधिरपणा किंवा मुंग्या येणे असू शकते, किंवा काहीच जाणवणार नाही. पुढे ओठ-जीभ बधिर होणे, पापण्या जड होऊन मिटू लागणे, दोन-दोन दिसणे, बोलताना आणि गिळताना अडखळणे, हातपाय लुळे पडणे आणि शेवटी श्वास मंदावणे, असा क्रम लागू शकतो. ज्यांनी गावाकडे नाग किंवा मण्यार चावलेला माणूस पाहिला आहे, त्यांना ही चिन्हे ओळखीची वाटतील.

सर्वप्रथम माणसाला पाण्याबाहेर आणावे, कारण लुळेपणा पाण्यातच आला तर तो बुडेल. त्याला आडवे करावे आणि चालू देऊ नये. दंश हातापायावर असल्यास आधी त्या जागेवर बँडेज गुंडाळावे, मग बोटांपासून वरपर्यंत संपूर्ण हात किंवा पाय, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितपत घट्ट, गुंडाळत न्यावा. नंतर काठी किंवा फळी लावून तो अवयव हलणार नाही असा बांधावा. बोटांची टोके निळी-पांढरी पडत नाहीत ना, ते पाहत राहावे. हे बँडेज रुग्णालयात डॉक्टर सांगेपर्यंत सोडू नये. दोरीने करकचून आवळणे, जखमेवर चीर देणे, विष चोखणे, काही पाजणे हे सगळे टाळावे. भारतात असल्यास ११२ किंवा १०८ या क्रमांकावर लगेच फोन करावा.

श्वास थांबू लागला तर तोंडाने कृत्रिम श्वास द्यावा आणि मदत येईपर्यंत देत राहावा. नाडी थांबली तर छातीवर दाबही द्यावेत. या विषावर उतारा नाही. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषांसाठी आहे, ती येथे उपयोगी पडत नाही, हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. उपचार म्हणजे विषाचा अंमल ओसरेपर्यंत यंत्राने श्वास चालू ठेवणे, आणि वेळेत ते झाले तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डोळे मिटलेले, हातपाय निपचित, तरीही तो माणूस शुद्धीत असू शकतो आणि सगळे ऐकत असू शकतो. म्हणून त्याच्याशी नावाने बोलत राहावे, काय चालले आहे ते सांगावे, आणि त्याच्यासमोर रडारड किंवा वाईट शब्द होऊ देऊ नयेत.

पायरी सहावी: शंख घ्यायचा असेल तर

मला हा शंख अतिशय प्रिय आहे, आणि तो जवळ असावा असे वाटणे मी समजू शकतो. परंतु दुकानात मांडलेल्या चकचकीत, कड न तुटलेल्या, रंग न विटलेल्या शंखांपैकी बहुतेक जिवंत प्राणी उचलून मिळवलेले असतात. आपोआप मेलेल्या प्राण्याचा शंख लाटांत घासला जातो, उन्हात फिका पडतो, त्याला भोके पडतात. म्हणून जुन्या संग्रहातला शंख घेणे सर्वांत योग्य, आणि त्याखालोखाल किनाऱ्यावर कोरडा पडलेला, झिजलेला, आतपर्यंत उजेड जाणारा शंख, तोही जेथे नेण्यास परवानगी असेल तेथेच. अंदमानातल्या वांडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान किंवा आपले मालवणचे सागरी अभयारण्य अशा संरक्षित क्षेत्रांतून काहीही उचलू नये. मग तो प्रवाळाचा मेलेला तुकडा का असेना.

खरेदी करताना एका सारख्या दिसणाऱ्या जातीपासून सावध राहावे. कोनस मिल्नेएडवर्डसी या जातीवरही असेच पांढरे त्रिकोण असतात, मात्र तिचे अंग सडपातळ आणि कळस उंच, पायऱ्या-पायऱ्यांचा असतो. ती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे आणि तिचा शंख बाळगणे किंवा विकत घेणे गुन्हा ठरू शकतो. विक्रेता कितीही खात्री देवो, कळस उंच दिसला तर शंख खाली ठेवावा. घेतलेल्या शंखाचे बिल जपून ठेवावे. विमानतळावर ते विचारले जाऊ शकते.

पायरी सातवी: जपणूक

किनाऱ्यावरचा शंख तीन-चार दिवस गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, पाणी रोज बदलावे, म्हणजे मीठ निघून जाते. मग मऊ ब्रशने घासून सावलीत वाळवावा. लिंबू, व्हिनेगर किंवा फरशी पुसण्याचे अ‍ॅसिड वापरू नये. शंख चुनखडीचा असतो, तो विरघळतो आणि चमक कायमची जाते. खनिज तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन पुसल्यास रंग खुलतो. थेट उन्हात ठेवल्यास काही वर्षांत तपकिरी रेघा विटतात.

आपल्या हवेत खरा शत्रू म्हणजे पावसाळा. दमट हवेत लाकडी कपाटातून आणि साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शंखावर पांढरी भुकटी धरते. ती बुरशी वाटते, पण बुरशी नसते; शंखाचाच पृष्ठभाग झिजत असतो. माझे तीन शंख मी याच अज्ञानापायी एका सागवानी पेटीत गमावले. तेव्हापासून मी शंख झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून, लोखंडी कपाटात ठेवतो आणि आषाढ-श्रावणात दर पंधरा दिवसांनी उघडून पाहतो.

प्रत्येक शंखासोबत एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर पेन्सिलीने किंवा न पुसल्या जाणाऱ्या शाईने जातीचे नाव, तो नेमका कोणत्या बेटावर किंवा किनाऱ्यावर मिळाला, तारीख, भरती-ओहोटीची वेळ, वाळूत होता की प्रवाळाच्या चुऱ्यात, आणि मिळाला तेव्हा तो रिकामा होता हे लिहावे. विकत घेतला असल्यास कोणाकडून व केव्हा, तेही लिहावे. चिठ्ठी शंखाच्या पोटात न खुपसता डब्याच्या तळाशी, शंखाखाली ठेवावी, म्हणजे शंख उचलणाऱ्याला ती आपोआप दिसते.